मुंबईच्या नाल्याची पूररेषा कशी काढावी

मुंबईत नाल्याचं पाणी किती चढणार हे बहुतेक वेळा वरून नाही, खालून ठरतं. खाडीच्या तोंडाशी भरती किती आहे, मधल्या मोरीत जागा किती उरली आहे आणि तळाशी गाळ किती बसला आहे, एवढ्यावर निम्मा निकाल पाऊस पडायच्या आधीच लागलेला असतो. म्हणून इथे पूररेषेच्या, म्हणजे पूर कुठवर पसरेल त्या हद्दीच्या, कामाची सुरुवात पावसाच्या आकड्यापासून न करता तलांकापासून, म्हणजे एका ठरलेल्या शून्यापासून मोजलेल्या उंचीपासून, करावी. पुढची कृती हेक-रास (HEC-RAS) या, नाल्यातली पाणीपातळी काढणाऱ्या सॉफ्टवेअरला धरून लिहिली आहे. ते अमेरिकेच्या लष्करी अभियंता दलाचं आहे, फुकट मिळतं आणि विंडोजवर चालतं. सॉफ्टवेअर दुसरं असलं तरी नाला तोच आणि चुकाही त्याच.

आधी शून्य कुठे आहे ते ठरवा

भरतीच्या तक्त्यात ‘४.५ मीटर’ छापलेलं असतं, ती समुद्रसपाटीपासूनची उंची नव्हे. ती चार्ट डेटमपासून, म्हणजे जहाजांच्या नकाशातल्या शून्यापासून मोजलेली असते. अपोलो बंदरापाशी मध्यम समुद्रसपाटी या शून्याच्या २.५१ मीटर वर आहे. म्हणजे ४.५ मीटरची भरती समुद्रसपाटीच्या १.९९ मीटर वर येते. ही वजाबाकी राहिली तर खाडीच्या तोंडाशीच अडीच मीटर पाणी जास्त धरलं जातं आणि अर्धं वांद्रे-कुर्ला कोरड्या दिवशीही नकाशावर बुडतं.

दुसरा शून्य महापालिकेचा. जुन्या पर्जन्यजल वाहिन्यांचे नकाशे टाउन हॉल डेटमवर, म्हणजे शहराच्या स्वतःच्या जुन्या शून्यावर आहेत, त्यामुळे त्यातले तलांक समुद्रसपाटीच्या आकड्यांपेक्षा वीस-पंचवीस मीटरनी मोठे दिसतात. फरक कुणाच्या तोंडून ऐकून लावू नका. जवळच्या एकाच बेंचमार्कची, म्हणजे उंची ठरलेल्या पक्क्या खुणेची, उंची दोन्ही पद्धतींत लिहिलेली मिळवा आणि त्यावरून फरक काढा. तिसरा शून्य उपग्रह-सर्वेक्षणाचा. आरटीके (उपग्रहांवरून जागा आणि उंची मोजणारं) यंत्र मुळात जी उंची देतं ती लंबगोलावरची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारावरून मोजलेली असते. मुंबईत ती समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा साठ मीटरहून जास्त खाली येते, म्हणून किनाऱ्याजवळचे आकडे उणे दिसतात. यंत्रात जिऑइडची, म्हणजे ही उंची समुद्रसपाटीवर आणणारी, दुरुस्ती चालू आहे का ते पाहा, आणि रोज काम सुरू करताना आणि संपवताना सर्व्हे ऑफ इंडियाच्या बेंचमार्कवर यंत्र एकदा टेकवा.

तिन्ही प्रकारचे आकडे एकाच तक्त्यात समुद्रसपाटीवर आणून झाले की मगच पुढे जा. यात गेलेला दिवस वाया जात नाही.

खालची सीमा: भरती

नाल्यातला प्रवाह बहुधा संथ, म्हणजे उपक्रांतिक असतो. अशा प्रवाहात गणित खालून वर चढतं, त्यामुळे सर्वात खालच्या छेदावरची (छेद म्हणजे नाल्याचा आडवा काप) पाणीपातळी तुम्हाला द्यावी लागते. नाला खाडीत उतरत असेल तर ‘सामान्य खोली’ हा पर्याय निवडू नका. उतारावरून काढलेली ती खोली समुद्राला माहीतच नसते. ज्ञात पाणीपातळी द्या.

कोणती पातळी द्यायची? उधाणाच्या भरतीची सरासरी चार्ट डेटमवर ४.४२ मीटर, म्हणजे समुद्रसपाटीच्या १.९१ मीटर वर. ही पहिली धाव, म्हणजे मॉडेल एकदा चालवणं. दुसरी धाव पावसाळ्यातल्या सर्वात मोठ्या भरतीची. साडेचार मीटरवरच्या भरतीचे दिवस महापालिका दर वर्षी आधीच जाहीर करते. तिसरी ओहोटीची, ०.७६ मीटर, म्हणजे समुद्रसपाटीच्या १.७५ मीटर खाली. या तीन धावांच्या पाणीरेषा एकाच लांबछेदावर, म्हणजे नाल्याच्या लांबीने काढलेल्या उंचीच्या आलेखावर, काढा. जिथे त्या एकमेकींना मिळतात तिथे भरतीचा अंमल संपतो. त्याच्या खाली पूररेषा समुद्र ठरवतो, वर पाऊस.

हा अंमल किती लांब जातो याचा ढोबळ अंदाज कागदावरही निघतो. तळाचा उतार १:१००० असेल आणि भरतीने पाणी २ मीटर फुगवलं असेल, तर फुगवटा सुमारे २ किलोमीटर आत जातो. उतार १:२००० असेल तर ४ किलोमीटर. मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत जेमतेम १८ किलोमीटर वाहते आणि तिचा खालचा भाग अगदी सपाट आहे. तिथे भरती हा तपशील नाही, मुख्य पात्र आहे.

तोंडाशी झडपा किंवा उदंचन केंद्र (पाणी उपसणारं पंपिंग स्टेशन) असेल, जसं इर्ला किंवा लव्हग्रोव्हला आहे, तर स्थिर प्रवाहाचं, म्हणजे वेळेनुसार न बदलणाऱ्या प्रवाहाचं, गणित पुरत नाही. झडप बंद असताना आतलं पाणी साठतं आणि पंपाच्या क्षमतेएवढंच बाहेर जातं. तिथे अस्थिर प्रवाहाचं मॉडेल लागतं. त्याबद्दल पुढे.

छेद घेताना

छेद प्रवाहाला काटकोनात घ्या. क्रम डावीकडून उजवीकडे, तोंड खालच्या दिशेला. खाडीकडे पाहत उभे राहिलात की डावा हात म्हणजे डावा काठ. हे उलटं झालं तर हेक-रास तक्रार करत नाही, मुकाट्याने आरसा उलटा करून देतं.

दोन छेदांत अंतर किती ठेवायचं? सूत्राने पाहिलं तर ३ मीटर खोल आणि १:१००० उताराच्या नाल्यात साडेचारशे मीटरही चालतील. मुंबईत तसं करू नका. इथल्या नाल्याची रुंदी शंभर मीटरांत तीनदा बदलते: एका बाजूला सोसायटीची भिंत आत सरकलेली, दुसऱ्या बाजूला झोपड्यांच्या मागच्या भिंतीच काठ झालेल्या. दर २५ ते ५० मीटरला छेद घ्या, आणि त्याखेरीज प्रत्येक आकुंचन, वळण, मोरी आणि उपनाल्याचा संगम.

प्रत्येक छेदात गाळाचा माथा आणि खरा तळ दोन्ही नोंदवा. काँक्रीटचा तळ असेल तर लोखंडी सळई दाबली की ठणकन लागतो. सळई किती आत गेली ती गाळाची जाडी. सर्वेक्षण नालेसफाईच्या आधीचं की नंतरचं, तेही लिहून ठेवा. मे आणि ऑगस्टमधला नाला एकच असतो असं समजू नका.

छेद दोन्ही बाजूंना पुरेसा लांब न्या. नाल्याच्या भिंतीपाशी छेद थांबवला आणि पाणी त्याहून वर चढलं, तर हेक-रास तिथे काचेची उभी भिंत आहे असं धरून पाणी वर ढकलत राहतं. पातळी खोटी वाढते आणि आजूबाजूचा पसरलेला पूर नकाशावर येतच नाही. शेवटचा बिंदू अपेक्षित पाण्याच्या किमान एक मीटर वर हवा. सपाट भागात तशी जमीन सापडतच नसेल, तर तो भाग एकमितीय गणिताचा, म्हणजे पाणी फक्त नाल्याच्या दिशेने वाहतं असं धरणाऱ्या गणिताचा, नाही हे ओळखा.

मोऱ्या आणि पूल: खरी गोम इथे

रस्त्याखालची मोरी, रेल्वेखालचा गाळा, सोसायटीने टाकलेला स्लॅब, नाल्यातून आडवी गेलेली जलवाहिनी. मुंबईतल्या नाल्यात पाणी अडतं ते बहुधा यांपैकी कशाशी तरी. म्हणून अर्धं सर्वेक्षण इथे खर्च करा.

प्रत्येक ठिकाणी हे मोजा: प्रवाहाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला तळाचा तलांक, स्लॅबच्या तळाची उंची, रस्त्याच्या माथ्याची उंची, कठडा भरीव की जाळीचा, गाळ्यांची संख्या आणि रुंदी, खांबांची जाडी, आणि स्लॅबखाली लटकणाऱ्या पाइप-केबल. त्या पाइपच्या बुडाची उंची हीच खरी छताची उंची. प्लास्टिक आणि कापडाचे बोळे आधी तिथेच अडकतात.

स्लॅबला पाणी टेकलं की काय होतं ते एका उदाहरणात पाहा. १० मीटर रुंद, ३ मीटर खोल आयताकृती नाला, उतार १:१०००, खडबडीतपणाचा गुणांक ०.०२५. मॅनिंगच्या सूत्राने (क्षेत्र, उतार आणि खडबडीतपणा यांवरून प्रवाह काढणाऱ्या) उघडा नाला सेकंदाला सुमारे ५७.७ घनमीटर वाहून नेतो. तेवढ्याच आडव्या क्षेत्रावर वरून स्लॅब टेकला की पाण्याला घासणारी परिमिती १६ वरून २६ मीटर होते आणि त्याच उतारावर विसर्ग, म्हणजे सेकंदाला वाहणारं पाणी, ४१.७ घनमीटरवर येतो. क्षेत्रफळ तेच, क्षमता अठ्ठावीस टक्क्यांनी कमी. ‘नाला झाकून रस्ता करू’ म्हणणाऱ्यांना हे गणित दाखवायला हरकत नाही.

मॉडेलमध्ये प्रत्येक पुलाला चार छेद लागतात: आकुंचन सुरू व्हायच्या आधी, पुलाच्या लगेच वर, लगेच खाली, आणि पाणी पुन्हा पूर्ण पसरल्यावर. पडताळणीची साधनं नसतील तर आकुंचनासाठी १:१ आणि प्रसरणासाठी १:२ या प्रमाणात अंतर धरून सुरुवात करा. आकुंचन-प्रसरणाचे तोट्याचे गुणांक इतर ठिकाणी ०.१ आणि ०.३, पुलापाशी ०.३ आणि ०.५. पुलाच्या दोन्ही अंगांना जिथे पाणी उभं राहतं पण पुढे सरकत नाही, तो भाग अप्रवाही म्हणून नोंदवा. वरच्या छेदावर त्याची उंची रस्त्याच्या माथ्याएवढी, खालच्या छेदावर स्लॅबचा तळ आणि रस्त्याचा माथा यांच्या मधली. हे विसरलं तर मॉडेल भरावाच्या मागूनही पाणी वाहवतं आणि पुलाच्या वरच्या अंगाची पातळी हसतमुखाने कमी दाखवतं.

पेटीमोरीसाठी (चौकोनी पेटीसारख्या मोरीसाठी) प्रवेशाच्या तोट्याचा गुणांक चौकोनी कडेला ०.५, निर्गमाचा १.०. गाळ भरलेली खोली तिच्या वेगळ्या रकान्यात भरा. २.४ मीटर उंचीच्या गाळ्यात ०.६ मीटर गाळ म्हणजे चौथा हिस्सा गेला. पाणी स्लॅबला टेकणार असेल तर पुलाच्या गणितात ‘दाब आणि बांध’ ही पद्धत निवडा. नुसत्या ऊर्जा-समीकरणावर सोडलं तर रस्त्यावरून वाहणारं पाणी नीट धरलं जात नाही.

गुणांक आणि गाळ

खडबडीतपणाचे गुणांक असे: गुळगुळीत काँक्रीट ०.०१३ ते ०.०१५, दगडी पिचिंग ०.०२५ ते ०.०३५, झुडपं आणि दगड असलेला मातीचा नाला ०.०३५ ते ०.०५, खारफुटी ०.१ आणि त्याहून वर. पुस्तकातला आकडा स्वच्छ नाल्याचा असतो. वरच्याच उदाहरणात गुणांक ०.०३५ केला तर ५७.७ चे ४१.२ घनमीटर होतात. गुणांक ०.०२५ ठेवून तळाशी अर्धा मीटर गाळ भरला तर ४४.५. दोन्ही एकदम झालं तर ३१.८, म्हणजे जवळपास निम्मं.

यावरून एक नियम पाळा: प्रत्येक विसर्गाच्या दोन धावा करा, एक नालेसफाईनंतरची आणि एक गाळासकट. पूररेषा गाळासकटच्या धावेवरून काढा. साफ नाल्यावर आखलेली रेषा जूनच्या पहिल्या आठवड्यापुरती खरी असते.

विसर्ग

लहान पाणलोटाला, म्हणजे दोन-चार चौरस किलोमीटरपर्यंत, साधं सूत्र पुरतं: विसर्ग = गुणांक × तीव्रता × क्षेत्र ÷ ३६०. इथला गुणांक म्हणजे पडलेल्या पावसातला वाहून जाणारा हिस्सा. तीव्रता ताशी मिलिमीटर, क्षेत्र हेक्टर, उत्तर सेकंदाला घनमीटर. मुंबईच्या जुन्या वाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस आणि ०.५ गुणांक धरून, तेही ओहोटी असताना, बेतलेल्या होत्या. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड (मुंबईच्या पर्जन्यजल निचऱ्यावरच्या) अहवालाने ताशी ५० मिलिमीटर सुचवले. आज जमीन जवळजवळ सगळी झाकलेली आहे, म्हणून गुणांक १ धरा. १०० हेक्टरला जुन्या हिशेबाने ३.५ घनमीटर, नव्याने १३.९. चौपट पाणी आणि नाला बहुतेक ठिकाणी तोच.

तीव्रता निवडताना संकेंद्रण-काळ, म्हणजे पाणलोटाच्या दूरच्या टोकाचं पाणी खाली पोचायला लागणारा वेळ, जपून काढा. २ किलोमीटर लांब आणि १ टक्का उताराच्या पाणलोटाला किरपिचचं सूत्र ४० मिनिटं देतं. पण ते शेतीच्या पाणलोटांवरून बसवलेलं आहे. काँक्रीटच्या पृष्ठभागासाठी ते ०.४ ने गुणतात, म्हणजे १६ मिनिटं. एवढ्या वेळात शिखर येत असेल तर तासाच्या सरासरीची आकडेवारी कामाची नाही. १५ मिनिटांच्या नोंदी हव्यात. उपनगरांसाठी सांताक्रूझ, शहरासाठी कुलाबा. दोन्हींमध्ये एकाच दिवशी प्रचंड फरक पडू शकतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर नोंदले गेले तेव्हा कुलाब्याला त्याचा दहावा हिस्साही नव्हता.

मिठीसारख्या मोठ्या पाणलोटाला हे सूत्र लावू नका. हेक-एचएमएस या जोडीच्या, पावसावरून प्रवाह काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उपपाणलोट पाडून जलालेख, म्हणजे वेळेनुसार विसर्गाचा आलेख, काढा, आणि विहार-पवई तलाव भरलेले आहेत असं धरा. तलाव भरायच्या आधीचा जून आणि भरल्यानंतरचा ऑगस्ट यात वरच्या भागाचं पाणी वेगळंच वागतं.

धाव आणि तिच्या तक्रारी

पहिली धाव स्थिर प्रवाहाची करा. सूचनांच्या यादीत लाल-पिवळं पाहून घाबरू नका, पण वाचल्याशिवाय सोडूही नका. ‘क्रांतिक खोली (संथ आणि वेगवान प्रवाहाच्या सीमेवरची खोली) गृहीत धरली’ ही सूचना एखाद्या धबधब्यापाशी योग्य असते. सपाट भागात ती आली तर दोन छेदांतलं अंतर जास्त आहे किंवा एखाद्या तलांकात टंकनाची चूक आहे. लागोपाठच्या दोन छेदांच्या वहनक्षमतेचं गुणोत्तर ०.७ ते १.४ च्या बाहेर गेलं तर मध्ये प्रत्यक्ष मोजलेला छेद घाला. सॉफ्टवेअरने आपोआप घातलेला छेद मधली मोरी पाहत नाही.

अस्थिर प्रवाहाकडे जायचं ते झडपा, पंप किंवा साठा असेल तेव्हा, किंवा पावसाचं शिखर आणि भरतीचं शिखर एका वेळी येतात का हे पाहायचं असेल तेव्हा. छेदांत ३० मीटर अंतर आणि लाटेचा वेग सेकंदाला ३ मीटर असेल तर कालपायरी, म्हणजे गणिताच्या दोन टप्प्यांतला वेळ, १० सेकंदांच्या आसपास ठेवा. सुरुवातीला नाला कोरडा ठेवला तर गणित कोसळतं. थोडा किमान प्रवाह द्या. तरीही हेलकावे आले तर आधी छेदांचे गुणधर्म-तक्ते (प्रत्येक उंचीला क्षेत्र आणि वहनक्षमता किती, ते सांगणारे) पाहा: सुरुवातीची उंची तळापाशी हवी आणि पायऱ्या बारीक हव्यात. कालपायरी कमी करत बसणं हा त्यानंतरचा उपाय.

पडताळणीसाठी पुराच्या खुणा गोळा करा. दुकानाच्या शटरवरचा डाग, जिन्याच्या पायरीवरची रंगाची रेघ, देवळाच्या चौथऱ्यावरची खूण. प्रत्येकीला ऑटो लेव्हल या उंची मोजायच्या दुर्बिणीने समुद्रसपाटीशी जोडा. एकाच ठिकाणच्या तीन खुणा एकमेकींशी २० सेंटिमीटरच्या आत जुळल्या तरच वापरा. बंद आवारात तुंबलेल्या पाण्याची खूण नाल्याची पातळी सांगत नाही.

नकाशा

पाण्याची पातळी वजा जमिनीची उंची, एवढंच नकाशाचं गणित. त्यामुळे जमिनीची उंची जितकी खरी तितका नकाशा खरा. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरचं फुकट मिळणारं ३० मीटरचं उंचीचित्र पाणलोटाच्या सीमा काढायला ठीक आहे. पूररेषेसाठी ते वापरू नका: त्यात इमारतींचे माथे आणि झाडांचे शेंडे मिसळलेले असतात आणि चूक काही मीटरची असते. इथे अर्धा मीटरही महत्त्वाचा आहे. लायडार, म्हणजे लेझरने मोजलेली जमिनीची उंची, मिळालं तर उत्तम, नाहीतर रस्त्यांचे तलांक स्वतः घ्या.

नाल्याच्या भिंतीमागे खोलगट वस्ती असेल तर मॉडेल भिंत ओलांडायच्या आधीच तिथे पाणी भरतं, कारण त्याला फक्त पातळी कळते. भिंत सलग आणि भक्कम असेल तरच तिथे बंधारा नोंदवा. गळकी, मधेच तुटलेली विटांची भिंत बंधारा नव्हे. शंका असेल तर भिंतीसकट आणि भिंतीविना अशा दोन रेषा काढा.

कुर्ला किंवा कलानगरसारख्या सपाट भागात पाणी एकदा नाल्याबाहेर पडलं की नाल्याच्या दिशेने जात नाही. रस्त्यांनी धावतं, रेल्वेच्या भरावाशी अडतं. तिथे द्विमितीय जाळं, म्हणजे जमिनीचे चौकोन पाडून पाणी सगळ्या दिशांना नेणारं मॉडेल, वापरा. भरावाच्या आणि रस्त्याच्या कडेने ब्रेकलाइन, म्हणजे चौकटींच्या कडा त्या उंचवट्यावर आणणाऱ्या रेषा, द्या, नाहीतर १० मीटरच्या चौकटीतून पाणी भरावाच्या आरपार जातं. आणि दादरजवळचा हिंदमाता भाग नाल्याच्या नकाशात शोधू नका. ती बशी आहे. तिथलं पाणी भूमिगत वाहिन्यांत मावत नाही म्हणून साचतं. त्यासाठी वाहिन्यांचं वेगळं मॉडेल लागतं.

राज्याच्या जलसंपदा विभागाच्या पद्धतीत निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल नियंत्रित क्षेत्र. सीआरझेडची (किनारी बांधकामांवरच्या नियमांची) रेषा यांहून वेगळी आहे आणि वेगळ्या नकाशावर काढा, एकीत दुसरी मिसळू नका. रेषा आखताना तुटक बेटं आणि एका खिडकीएवढे कोरडे ठिपके हाताने पुसून सलग हद्द करा, पण छेदाच्या टोकाला येऊन अचानक सरळ कापली गेलेली रेषा कधीही गुळगुळीत करू नका. तिथे छेद आखूड पडला आहे, परत मोजायला जा. नकाशाच्या कोपऱ्यात डेटम, भरतीची धरलेली पातळी, गाळाची जाडी आणि सर्वेक्षणाचा महिना लिहा. पुढच्या वर्षी एखादी मोरी रुंद झाली की त्याच फाइलमध्ये फक्त तो पूल बदलून धाव पुन्हा घेता येईल.